भाकीत मागाहूनच करावं

सैद्धांतिक अणुकेंद्रकीय भौतिकशास्त्रात नाव काढायचं ठरवलंत? मग आधी अणुकेंद्रक बघून निवडा. ड्यूटेरॉनच्या वाटेला मुळीच जाऊ नका. एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन, बंधनऊर्जा २.२२५ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, तिथे चुकलात तर लपायला जागा नाही. मध्यम वजनाचं काहीतरी धरा. कण इतके असावेत की नेमकं गणित कुणालाच झेपू नये.

मग कणांमधलं बल. ते प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आतल्या क्वार्कांपासून काढत बसाल तर निवृत्ती येईल. स्किर्मचं बल घ्या, म्हणजे त्या बलाचं कामचलाऊ सूत्र; त्यात दहाएक पॅरामीटर असतात आणि सगळे फिरवता येतात. २०१२ मध्ये काही चिकित्सक मंडळींनी पॅरामीटरांच्या अशा २४० संचांची झडती घेतली, त्यांच्या सगळ्या कसोट्यांना १६ उतरले. नाउमेद होऊ नका, २४१ वा संच तुमचा. त्याला आपल्या शहराची आद्याक्षरं द्या आणि पुढे एखादा आकडा लावा, म्हणजे आधीचे संचही होते असं वाटतं.

शेल मॉडेलकडे, म्हणजे कण कवचाकवचांत बसतात असं मानणाऱ्या पद्धतीकडे वळलात तर खरी कारागिरी सुरू होते. झिंक-६० घ्या. त्यातले ४० कण गोठवून गाभा मानले तरी उरलेल्या २० कणांसाठी सुमारे २.३ अब्ज ओळींचा मॅट्रिक्स उभा राहतो. म्हणून कणांना बसायची जागा छाटायची. छाटली की उत्तर बिघडतं, आणि बिघडलं की प्रभावी प्रभार, म्हणजे उत्तर जुळावं म्हणून मानलेला विद्युतप्रभार लावायचा: प्रोटॉनला १.५, न्यूट्रॉनला ०.५. न्यूट्रॉनला प्रभार नसतो हे शाळेत शिकला असाल, ते शाळेतच ठेवा. बीटा-क्षय (न्यूट्रॉनचा प्रोटॉन होणं किंवा उलट) प्रमाणाबाहेर जोरात येतोय? अक्षीय स्थिरांकाला, म्हणजे त्याचा जोर ठरवणाऱ्या आकड्याला ०.७५ ने गुणा. हा आकडा कित्येक दशकं सुखाने नांदला. २०१९ मध्ये कुणीतरी क्षयात दोन कण मिळून घेतात तो वाटा (दोन कणांचे प्रवाह) आणि कणांमधले सहसंबंध हिशेबात धरून त्यातली बरीचशी तूट चक्क समजावून सांगितली. असला आगाऊपणा तुम्ही करू नका.

भाकीत नेहमी मोजणीनंतर करावं. ऑक्सिजन-२८ मध्ये ८ प्रोटॉन, २० न्यूट्रॉन, दोन्ही आकडे जादूचे, म्हणजे कवचं पूर्ण भरणारे. पुस्तकाप्रमाणे ते चिवट असायला हवं होतं. २०२३ मध्ये ते सापडलं तेव्हा कळलं की चार न्यूट्रॉन सोडून ते लगेच फुटतं. जे आधी बोलले नव्हते त्यांची अब्रू शाबूत राहिली.

शिशाची गोष्ट त्याहून फायद्याची. शिसे-२०८ ची न्यूट्रॉन-त्वचा (प्रोटॉनांच्या पलीकडे पसरलेला न्यूट्रॉनांचा थर) २०२१ मध्ये ०.२८३ फेम्टोमीटर, म्हणजे जाड निघाली, आणि पुढच्याच वर्षी कॅल्शियम-४८ ची ०.१२१, म्हणजे पातळ. एक जुळवायला गेलं की बहुतेक मॉडेलांत दुसरं सुटतं. तेव्हा एका पेपरात शिसं जुळवा, दुसऱ्यात कॅल्शियम. दोन्ही एकाच आलेखावर काढण्याचा मोह आवरा.

अनुदानाच्या अर्जात न्यूट्रॉन तारा आणि मशीन लर्निंग हे दोन शब्द पहिल्या परिच्छेदात आलेच पाहिजेत. न्यूट्रिनोविरहित दुहेरी बीटा-क्षयही (न्यूट्रिनो न सोडता एकदम दोन बीटा-क्षय) चालेल. त्याचे मॅट्रिक्स-घटक, म्हणजे क्षयाचा जोर सांगणारे गणिती आकडे, पद्धत बदलली की दुप्पट-तिप्पट बदलतात आणि अर्धायुष्यात त्यांचा वर्ग येतो, म्हणजे उत्तर नऊपट इकडेतिकडे. एवढी मोकळीक दुसरं कोणतं क्षेत्र देतं?

पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची तात्पुरती नोकरी, दोन वर्षांची असते. पहिल्या वर्षी बिऱ्हाड लावा, दुसऱ्या वर्षी अर्ज करा, मग बिऱ्हाड हलवा; दोन-तीन देश होईपर्यंत हेच. शिफारसपत्रं देणारे तिघे तोवर ठणठणीत राहतील एवढं बघा. पगाराची मात्र घाई नको. मारिया गेपर्ट मेयर यांनी जादूई आकड्यांचं कोडं १९४९ मध्ये सोडवलं, पूर्ण पगाराचं प्राध्यापकपद १९६० मध्ये मिळालं, नोबेल १९६३ मध्ये. तुमचं कोडं अजून सुटायचंय.

आणि प्रोग्रॅम फॉरट्रान ७७ या जुन्या संगणकभाषेतच लिहा. चलांची नावं सहा अक्षरांची, टिपा एकही नाही. पुढचे विद्यार्थी तो फक्त चालवतील, उघडून बघणार नाहीत, आणि प्रत्येक पेपरात तुमचं नाव घालावं लागेल.