अँटिव्हायरस का विकला नाही : एका रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमची तक्रार अशी, की घरच्या लॅपटॉपला चांगला अँटिव्हायरस मागितला तर आम्ही 'गरज नाही' म्हणून परत पाठवलं आणि वर तपासणीचे ३०० रुपये घेतले. पुढे आठवड्याभरात स्क्रीनवर 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस आहेत' असं यायला लागलं. मग तुम्ही दुसरीकडून पैसे भरून अँटिव्हायरस घेतला, सोबत एक फुकटचाही टाकून मिळाला. आता लॅपटॉप रखडतो आणि तो इशारा अजूनही अधूनमधून येतोच.

तुम्हाला मनस्ताप झाला याचं मला खरंच वाईट वाटतं. पण अँटिव्हायरस न विकण्याचा निर्णय मी विचार करूनच घेतला होता आणि तुमचा लॅपटॉप उद्या समोर आला तरी तोच घेईन. कारण सांगतो.

आधी त्या इशाऱ्याचं. तुम्ही टाकलेला फोटो मी मोठा करून बघितला. उजव्या कोपऱ्यात खाली लाल चिन्ह, 'ताबडतोब स्कॅन करा' असं बटण, आणि मजकुराजवळ बारीक अक्षरात क्रोमचं नाव आणि एका वेबसाइटचा पत्ता. तो पत्ताच सगळं सांगतो. हा इशारा विंडोजने दिलेला नाही, कुठल्या अँटिव्हायरसनेही नाही. ती त्या वेबसाइटने पाठवलेली जाहिरात आहे. वेबसाइटला तुमचा लॅपटॉप आतून तपासता येतच नाही, '५ व्हायरस' हे त्यांनी आधीच लिहून ठेवलेलं असतं. एखादी फाइल किंवा सिनेमा उघडताना 'तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाऊ दाबा' असं येतं. ते दाबलं की त्या साइटला सूचना पाठवायची परवानगी मिळते. घरात कोणाच्याही हातून हे होतं, त्यासाठी मुलाला रागावू नका.

क्रोममध्ये वर उजवीकडच्या तीन टिंबांवर जा, मग सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी दिलेल्या साइट्सच्या यादीत तो पत्ता सापडेल. तो काढून टाका, सूचना बंद होतील. पैसे भरूनही त्या का थांबल्या नाहीत ते यावरून लक्षात येईल. आणि अशा सूचनेत फोन नंबर दिलेला असेल तर कृपा करून फोन लावू नका. समोरचा माणूस स्क्रीन बघायचं ॲप टाकायला लावतो आणि मग बँकेच्या खात्यापर्यंत पोचतो. कोणाची फसवणूक झालीच असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा.

आता अँटिव्हायरसबद्दल. तुमच्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर आधीपासून आहे आणि तो चालू होता, हे मी तुमच्यासमोर उघडून दाखवलं होतं. 'विंडोजबरोबर फुकट येतं ते काय कामाचं' असं पुष्कळ लोक म्हणतात. एके काळी ते बरोबरही होतं. मायक्रोसॉफ्टच्या तेव्हाच्या मोफत अँटिव्हायरसला २०१२ च्या सुमारास जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट या प्रयोगशाळेने प्रमाणपत्र नाकारलं होतं. आज त्याच प्रयोगशाळेच्या चाचण्यांमध्ये डिफेंडर पैसे देऊन घ्यायच्या अँटिव्हायरसच्या बरोबरीने उभा असतो. निकाल त्यांच्या साइटवर कोणालाही बघता येतात.

याचा अर्थ विकत मिळणारा माल वाईट असा नाही. क्विक हील ही अँटिव्हायरसची कंपनी तर आपल्या पुण्याची. कैलास काटकरांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून ती उभी केली, आणि माझ्यासारख्या दुरुस्ती करणाऱ्या माणसाला तिचा अभिमान आहे. ज्या ऑफिसात दहा मशीनवर एकाच जागेवरून लक्ष ठेवायचं असतं, किंवा ज्यांना अडचण आली की फोनवर बोलायला माणूस हवा असतो, त्यांना मी विकतचा अँटिव्हायरस आवर्जून देतो. तुमच्याकडे मुलाचा अभ्यास, वीजबिल आणि फोटो एवढंच काम आहे.

अशा घरी खरा धोका अपडेट न करण्याचा असतो. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला आणि लाखो कॉम्प्युटरच्या फाइल्स कुलूपबंद झाल्या. तो ज्या फटीतून शिरला ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. तुमच्या लॅपटॉपवरही बरीच अपडेट्स अडकून पडली होती. ती पूर्ण केली, मुदत संपलेला ट्रायल अँटिव्हायरस काढला, डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन (विंडोज सुरू होण्याआधी होणारी तपासणी) करून घेतलं आणि मुलासाठी वेगळं साधं खातं करून दिलं, म्हणजे त्याला पासवर्डशिवाय विंडोजमध्ये मोठे बदल करता येऊ नयेत. ३०० रुपये या कामाचे होते, पावतीवर हे सगळं लिहिलेलं आहे.

लॅपटॉप रखडतोय तो बहुतेक दोन अँटिव्हायरस एकत्र चालल्यामुळे. उघडलेली प्रत्येक फाइल दोघेही तपासतात आणि एकमेकांच्या कामात अडकतात. घरात एकच ठेवायचा. फुकटचा घेताना त्याची कंपनी कशावर कमावते हेही बघायचं. लोकांची ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अवास्ट या मोफत अँटिव्हायरस देणाऱ्या कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. संरक्षणासाठी टाकलेल्या प्रोग्रॅमनेच असं करावं याची मला मनापासून चीड येते.

लॅपटॉप कधीही घेऊन या, पैसे लागणार नाहीत. तुम्ही पैसे भरलेत तर तो अँटिव्हायरस मुदत संपेपर्यंत राहू द्या. तो असेपर्यंत डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो. फुकटचा मी काढून देतो आणि क्रोममधली परवानगीही बंद करून देतो. येताना एखादी रिकामी बाहेरची हार्ड डिस्क असेल तर आणा. त्या दिवशी बघितलं तेव्हा तुमच्या सगळ्या फोटोंची एकच प्रत होती, तीही याच लॅपटॉपवर. ती आधी डिस्कवर उतरवून घेऊ, मग बाकीच्या कामाला हात लावू.