मशीनगनचा छंद आणि आपला शस्त्रपरवाना

शस्त्रपरवान्याचा विषय निघाला की आपल्याकडे दोन्ही बाजूंचे लोक अमेरिकेकडे बोट दाखवतात. एक म्हणतो, तिथे कुणीही दुकानातून मशीनगन उचलतो. दुसरा म्हणतो, तिथे ती चालते, मग आम्हाला तिसरी बंदूकही का नको? (२०१९च्या दुरुस्तीने परवानाधारकाची मर्यादा तीनवरून दोनवर आली, त्याचा हा राग.) मशीनगनपुरतं तरी दोघांचंही चुकतं.

१९३४च्या कायद्याने तिथे प्रत्येक मशीनगनची (घोडा एकदा दाबला की सलग गोळ्या सुटणारी कुठलीही बंदूक) केंद्रीय नोंदणी आणि हस्तांतरावर २०० डॉलर कर आला. १९ मे १९८६ला खासगी मालकीसाठीची नवी नोंदणी थांबली. तेव्हाचा साठाच आजवर हातोहात फिरतोय. म्हणून मॅक-१०सारखी पत्र्याची साधी गनही दहा हजार डॉलरच्या घरात जाते, एम-१६ ही लष्करी रायफल तीस हजारांच्या वर. यातला मोठा भाग त्या नोंदणी क्रमांकाचा असतो. अर्जासोबत बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे, एक प्रत स्थानिक पोलीसप्रमुखाला पाठवायची, आणि मंजुरी येईपर्यंत गन विक्रेत्याकडेच राहते. दुसऱ्या राज्यात न्यायची तर आधी परवानगी हवी. न्यू जर्सीत, जिथे आपली इतकी माणसं राहतात, मशीनगन मिळणं जवळजवळ अशक्य. एच-१बी व्हिसावर असाल तर शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडून रेंजवरची भाड्याची बंदूकही हातात घेऊ नका. तो फेडरल गुन्हा आहे.

खरेदीनंतरचा खर्च वेगळाच. एम-१६ मिनिटाला ९०० गोळ्यांच्या वेगाने तीसचं मॅगझिन दोन सेकंदांत रिकामं करते. गोळी पन्नास सेंटला धरली तर पंधरा डॉलर गेले. हजार गोळ्यांची पेटी मिनिटाहून थोड्याच जास्त वेळात संपते, आणि मॅगझिनं भरण्यात त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. म्हणून जाणकार पॉइंट टू टूचं, म्हणजे लहान, स्वस्त गोळीचं किट बसवून सराव करतात. नळी, बोल्ट (मागेपुढे सरकून गोळी भरणारा भाग), स्प्रिंगा बदलता येतात, नोंदणीचा रिसीव्हर, म्हणजे गनचा मुख्य सांगाडा, नाही. मॅकमधला बफर (धक्का झेलणारा तुकडा) झिजला की बोल्ट रिसीव्हरच्या मागच्या भिंतीवर आदळत राहतो आणि दहा हजारांच्या वस्तूला तडा जातो. बफर काही डॉलरचा. तो वेळेवर बदलणं हाच खरा विमा. एम-१६ तापली की थांबताना बोल्ट उघडा ठेवायचा, नाहीतर चेंबरमधली गोळी उष्णतेनेच उडू शकते.

एवढं असूनही लोक हा छंद का करतात? वजन पुढच्या पायावर, दस्ता खांद्यात घट्ट, आणि बोट सैल करून नेमक्या दोन-तीन गोळ्यांचा फटका लक्ष्यावर ठेवायचा. हे जमायला वर्षं लागतात आणि त्याचा आनंद अस्सल आहे.

ही नोंदणीकृत मशीनगन गुन्ह्यात क्वचितच सापडते. पोलिसांची डोकेदुखी आहे ती पिस्तुलाला बेकायदा बसवलेल्या 'स्विच'ची, म्हणजे पिस्तुलाची मशीनगन करणाऱ्या छोट्या भागाची. आपल्याकडेही गोळीबाराच्या बहुतांश खुनांत बिनपरवाना हत्यारं असतात. मग परवानाधारकाची तिसरी बंदूक काढून घेतल्याने गावठी कट्ट्याच्या कारखान्यावर काय परिणाम झाला, हे आपल्या वादात कुणीच का विचारत नाही?