ज्युरी एप्रिलमध्ये, पैसे जुलैत

ठाण्यात नौपाड्यात आमचं प्रिंटिंग-बायंडिंगचं दुकान आहे. एकोणीस वर्षं झाली. मार्च उजाडला की लग्नपत्रिका आणि हिशेबाच्या कागदांच्या गर्दीत, हातात भलामोठा पोर्टफोलिओ सांभाळत मुलंमुली यायला लागतात. बीएफएच्या, म्हणजे चित्रकलेच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाची, इलस्ट्रेशन घेतलेली. वर्षभर काढलेल्या चित्रांचं पुस्तक करून ज्युरीपुढे, म्हणजे परीक्षकांपुढे ठेवायचं असतं, तोच त्यांचा थिसीस. पण पुस्तकाबद्दल आधी कुणी बोलत नाही. आधी विचारतात, "काकू, सगळ्यात स्वस्तात केलं तर किती होईल?"

गेल्या वर्षी चेंदणी कोळीवाड्यातली एक मुलगी आली होती. तिचा विषय ठाण्याची खाडी. या खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ साली ती रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली, ऐरोलीहून लोक बोटीत बसून फोटो काढायला जातात. हिला मात्र चिखलातली दुनिया काढायची होती. निवटी, बोईट, चिंबोरी, खुबे, कोळंबी, आणि ती धरायच्या पद्धती, आजीच्या तोंडच्या शब्दांत. आजोबा खाडीत जायचे. आता घरातलं कुणी जात नाही. आजी सांगायची, ही लिहून घ्यायची, मग चित्र. चाळीस पानांचं पुस्तक.

तिनं काढलेली निवटी, तो चिखलात सरपटणारा छोटा मासा, मी स्कॅनरवर ठेवली तो क्षण मला लख्ख आठवतो. ओल्या चिखलात पुढच्या परांवर रेललेली, डोळे पार डोक्याच्या वर, शेपटीमागे चिखलात उमटलेली ओळ. माझं माहेर उरणचं, निवट्या बघत वाढले मी. इतकी खरी निवटी मी कागदावर पाहिली नव्हती. पण स्क्रीनवर मोठी करून बघते तर चिखलभर बारीक पांढरे ठिपके. म्हटलं, काच पुसायची राहिली. पुसली, पुन्हा स्कॅन केलं, ठिपके तिथेच. मग तिनंच हळूच सांगितलं, साधा कार्ट्रिज कागद आहे काकू. खाडीचा तो करडा रंग आणायला तीन-चार वॉश, म्हणजे पातळ रंगाचे हात द्यावे लागतात. तिसऱ्या वॉशला त्या कागदाची लव उठते आणि तिथे रंग धरत नाही. जलरंगाचा ३०० जीएसएमचा जाड कॉटन कागद हवा होता. त्याची मोठी शीट पाचशेच्या घरात जाते. बिघडलेली धरून पंधरा तरी शीट लागल्या असत्या. तिनं एक आणली होती, मुखपृष्ठापुरती.

बिलबुकाच्या मागच्या पानावर मी तिच्यासमोर हिशेब मांडला. चांगला कागद साडेसात हजार, रंग आणि ब्रश सहा, स्कॅनिंग दीड, प्रूफं, म्हणजे रंग तपासायच्या चाचणी छपाया, दोन, तीन प्रतींची छपाई आणि हार्डबाउंड बायंडिंग साडेचार, डिस्प्लेचे सनबोर्ड तीन. साडेचोवीस हजार. तिच्याकडे होते नऊ.

प्रूफ तिनं एकच काढलं. स्क्रीनवर करडा दिसणारा चिखल छापल्यावर हिरवट आला. रंग दुरुस्त करून दुसरं प्रूफ बघायला हवं होतं. ती म्हणाली, "राहू दे काकू," आणि मीही राहू दिलं. ते आजही टोचतं. ते पैसे मी सोडायला हवे होते.

आणि या मुलीला शिष्यवृत्ती मिळालेली होती! एका ट्रस्टची, पंधरा हजारांपर्यंत, खास थिसीससाठी. मंजुरीचं पत्र डिसेंबरातच हातात. अट अशी की आधी खर्च करा, मग जीएसटीची बिलं आणि निकालाची प्रत जोडा. ज्युरी एप्रिलमध्ये झाली, पैसे आले जुलैअखेर. वरातीमागून घोडं. तोवर आईच्या भिशीचे पैसे अडकून पडले. बिलं नऊ हजारांची, म्हणून मिळालेही नऊच. ज्या सहा हजारांत बराचसा चांगला कागद आला असता, ते ट्रस्टकडेच राहिले. ज्या घरात खर्चायला पैसे आहेत त्या घरालाच पुरे पंधरा मिळणार, अशी ही रचना आहे. देणाऱ्यांच्या मनात खोट होती असं मला मुळीच वाटत नाही. पण कॉटन कागद डिसेंबरात लागतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसावं.

सरकारी योजना आहेत की, असं लोक म्हणतात. आहेत, आणि त्यांच्या जोरावर कितीतरी मुलं शिकतात. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती कलेच्या विद्यार्थ्यांनाही मिळते, पण ती शिक्षण शुल्काची. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या तरुण कलाकारांसाठी दरमहा ५,००० रुपयांची, दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे. ती गुरूकडे किंवा संस्थेत पुढचं शिक्षण घेण्यासाठी, आणि संगीत, नृत्य, नाटक सगळं धरून देशभरात ४००. फी माफ झालेल्या मुलीचा कागद, प्रूफ, बायंडिंगचा खर्च या योजनांच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. "आयपॅडवर काढा ना" म्हणणाऱ्यांनी एकदा आयपॅडची किंमत बघावी.

माझ्या सासऱ्यांनी दलाल-मुळगावकर या जुन्या चित्रकारांची मुखपृष्ठं असलेले दिवाळी अंक जिवापाड जपले होते. त्या पिढीच्या चित्रकाराला संपादक गोष्ट हातात द्यायचा आणि चित्राचे पैसे द्यायचा. आजच्या मुलीचं उलटं आहे. आधी स्वतःच्या खर्चानं अख्खं पुस्तक उभं करायचं, मग ते बघून कुणी काम दिलं तर दिलं. थिसीस चांगला छापलेला नसेल तर पहिल्या कामासाठी दाखवायला तिच्याकडे दुसरं काही नसतं.

म्हणून ज्यांना द्यायचं आहे त्यांना माझी कळकळीची विनंती. विषय मंजूर झाला की अर्धे पैसे द्या, थेट मुलीच्या खात्यात. डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना तयार झाला की उरलेले. बिलं मागा, पण नंतर मागा. निवड करताना छपाई कळणारं एक माणूस बसवा. आणि मोबदल्यात ती चित्रं तुमच्या कॅलेंडरवर फुकट वापरू नका. अशी अट मी एका फॉर्मवर स्वतः वाचली आहे. चित्राचे हक्क चित्र काढणाऱ्याकडेच राहिले पाहिजेत.

ठाण्यात हे सहज जमण्यासारखं आहे. उत्सवात आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या एका कमानीवर जेवढा खर्च होतो, त्यात दोन थिसीस निघतील. आणि आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं आहे. तिथे एखादं कपाट या मुलांच्या पुस्तकांसाठी ठेवता आलं तर? एक प्रत तिथे राहील, बघायला कुणीही जाईल. मी पुढच्या आठवड्यात अर्ज घेऊन जाणार आहे. सोबत कुणी येत असेल तर कळवा.

दुकानापुरतं ठरवलं आहे. थिसीसची पहिली तीन प्रूफं फुकट, कागद मला पडतो त्या भावात. कळव्याचा एक मुलगा परवाच येऊन गेला, जुन्या गिरण्यांच्या भोंग्यांवर पुस्तक करतोय. विषय मंजूर आहे, कागद अजून घेतलेला नाही. त्याला आत्ता, याच महिन्यात, दहा हजार हवे आहेत. कुणाला जमणार असेल तर मला मेसेज करा, मी त्याची आणि तुमची गाठ घालून देते.

खाडीच्या पुस्तकाची एक प्रत त्या मुलीनं मला दिली आहे. काउंटरखालच्या खणात असते. दुकानात आलात तर मागा. निवटी पान बारावर आहे.