डेल्फीला फक्त दोन तास?

परत तेच! ग्रीसची कुठलीही सहल उघडून बघा, अपोलो या ग्रीक देवाचं प्राचीन तीर्थक्षेत्र असलेलं डेल्फी म्हणजे सकाळी अथेन्सहून निघायचं आणि संध्याकाळी परत. जायचे सुमारे 180 किलोमीटर, यायचे तेवढेच, हातात उरतात जेमतेम दोन तास. अहो, पार्नासस डोंगराच्या उतारावरची जागा आहे ती! अपोलोच्या देवळापर्यंत चढ, तिथून नाट्यगृह, त्याच्याही वर स्टेडियम. गेल्या खेपेला आई गुडघे धरत कशीबशी देवळापर्यंत पोचली, तोच "चला, चला, बस सुटतेय" सुरू. खालच्या दगडी भिंतीवर गुलामांना मुक्त केल्याचे शेकडो लेख कोरलेत, त्यांच्यासमोरून आम्ही अक्षरशः पळालो. संग्रहालयातला ब्राँझचा सारथी जवळजवळ अडीच हजार वर्षांचा, त्याच्या पापण्यांचे तांब्याचे केससुद्धा अजून शाबूत आहेत. ते डोळे भरून बघायलाही मिळू नयेत?

आणि गावात हॉटेलं आहेत की! काहींच्या बाल्कनीतून थेट इतियाच्या खाडीपर्यंत पसरलेलं ऑलिव्हचं रान दिसतं. एक रात्र मुक्काम ठेवला तर काय बिघडतं? त्याऐवजी वाटेत जेवण आणि खरेदीला दीड तास. संताप येतो नुसता!