‘शाळेत प्रयोगशाळा कशाला, व्हिडिओ पुरे’: या दाव्याचा प्रतिवाद

शालेय रसायनशास्त्राबद्दल एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: शाळेतले प्रयोग धोकादायक आणि खर्चिक असतात, पडद्यावर तेच जास्त स्वच्छ दिसतं, उत्तरं तर पुस्तकात आधीच छापलेली असतात, आणि खरं संशोधन आता यंत्रांवर होतं, मग ब्युरेट-पिपेट (द्रावण अचूक मोजून सोडायच्या काचेच्या नळ्या) शिकवण्यात वेळ घालवू नका. यातला एक मुद्दा बराचसा खरा आहे. बाकीचे तपासायला घेतले की टिकत नाहीत.

‘रसायनं मुलांच्या हातात देणं धोक्याचं आहे’

धोका किती, हे द्रावण किती तीव्र, किती घेतलं आणि कसं हाताळलं यावर ठरतं. बाटलीतलं संहत (तीव्र) हायड्रोक्लोरिक आम्ल सुमारे १२ मोलर असतं (मोलर हे द्रावणाच्या तीव्रतेचं माप). त्याला मुलांनी हात लावायचं कारणच नाही. शिक्षकांनी गॉगल घालून, हवेशीर जागी, भरपूर पाणी आधीच असलेल्या फ्लास्कमध्ये त्यातलं सुमारे ८.३ मिली सोडायचं आणि पाणी घालून १ लिटर करायचं. हे झालं ०.१ मोलर द्रावण. वर्गात फक्त तेच न्यायचं.

सोडियम हायड्रॉक्साइड या अल्कलीचं तेवढंच तीव्र १ लिटर द्रावण ४ ग्रॅममध्ये होतं, आणि खरं सांभाळायचं ते हेच. मुलं आम्लाला घाबरतात आणि अल्कलीला साबणासारखं निरुपद्रवी समजतात. डोळ्यात मात्र अल्कली जास्त खोल शिरते. म्हणून द्रावण कितीही विरल असलं तरी गॉगल आधी, बाटली नंतर.

गंभीर अपघात बहुतेक ‘भारी’ दिसणाऱ्या प्रात्यक्षिकांत होतात. मिथेनॉल पेटवून रंगीत ज्वाळा दाखवताना ज्योत विझली असं वाटून बाटलीतून आणखी मिथेनॉल ओतलं जातं. मिथेनॉलची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही आणि त्याची वाफ साध्या खोलीच्या तापमानालाही पेट घेते. ज्योत वाफेवरून बाटलीत जाते आणि आगीचा झोत समोरच्या बाकांपर्यंत पोहोचतो. यात मुलं भाजली आहेत. तेच रंग दाखवायला लाकडी काड्या क्षारांच्या द्रावणात रात्रभर भिजवून बर्नरच्या ज्योतीत धरल्या तरी पुरतं. काडी स्वतः पेटू लागली की सगळं पिवळं दिसतं, तेव्हा ती त्याआधी काढायची. आणि व्हिडिओत सर्वांत जास्त काय दिसतं? नेमकी अशीच धडाकेबाज प्रात्यक्षिकं, आजूबाजूची सगळी खबरदारी कापून. ती पाहून मूल घरी एकटं काय करेल, याचा हिशेब हा मजकूर करत नाही.

‘फार खर्च येतो’

प्रमाण दहा पटींनी कमी करा. सोडियम थायोसल्फेट आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची अभिक्रिया घ्या: गंधक सुटतं, द्रावण गढूळ होतं आणि खालच्या कागदावरची फुली दिसेनाशी होते. द्रावणाची तीव्रता बदलली की अभिक्रियेचा वेग किती बदलतो हे दाखवणारा हा प्रयोग ५० मिलीवर करण्याची पद्धत आहे, पण सपाट तळाच्या छोट्या बाटलीत ५ मिलीवरही तो नीट होतो. साधारण ०.१५ मोलर थायोसल्फेट ५, ४, ३, २ आणि १ मिली घ्या, प्रत्येक वेळी पाणी घालून ५ मिली करा, २ मोलर आम्ल अर्धा मिली टाका आणि घड्याळ सुरू करा. एकूण आकारमान सारखंच हवं, नाहीतर द्रावणाची खोली बदलते आणि फुली दिसेनाशी होण्याची वेळ तुलनेला उपयोगी राहत नाही. आधीचं गंधक बाटलीला चिकटून राहिलं तर पुढची वेळ खोटी कमी येते.

यात सल्फर डायऑक्साइडही सुटतो. दम्याच्या मुलांना त्याचा त्रास होतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि मोजणी संपताच बाटली सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात रिकामी करायची. त्याने आम्लही संपतं आणि वायूही शोषला जातो. प्रमाण लहान असलं की वायूही तेवढाच कमी. खर्च आणि धोका इथे एकदमच उतरतात.

‘पडद्यावर जास्त स्पष्ट दिसतं’

रेणूंची हालचाल, समतोल सरकणं, स्फोटक अभिक्रिया या गोष्टींसाठी पडदाच योग्य. पण आभासी टायट्रेशनमध्ये (एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने घालून किती लागलं ते मोजणं) बनवणाऱ्याने घातल्या तेवढ्याच चुका होऊ शकतात. खऱ्या ब्युरेटच्या तोटीत हवेचा बुडबुडा अडकतो, मध्येच निसटतो आणि न सांडलेलं द्रावण ‘सांडलं’ म्हणून मोजलं जातं. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा शोषत असतं, त्यामुळे वजन करून केलेलं ०.१ मोलर प्रत्यक्षात ०.१ नसतं. आम्ल संपल्याची खूण म्हणून फेनॉल्फ्थॅलीन या दर्शकाने शेवटी दिलेला फिका गुलाबी रंग थोड्या वेळाने उडतो, तोही त्याच वायूमुळे. पण मूल समजतं की अजून थेंब हवेत.

ब्युरेट, पिपेट ज्या त्या द्रावणाने विसळायचे आणि फ्लास्क मात्र फक्त पाण्याने, हा नियम पाठ करून डोक्यात राहत नाही. फ्लास्क आम्लाने विसळला की आत राहिलेल्या थेंबांमुळे आम्लाचं एकूण प्रमाण वाढतं. पाण्याने ते बदलत नाही. शेजारच्या गटापेक्षा १ मिली जास्त का आलं, याचा शोध घेताना हे एकदाच कळतं आणि पक्कं बसतं.

‘उत्तर आधीच माहीत असतं’

हे खरं आहे, आणि शिक्षकांनी मनावर घ्यावं असं आहे. ठरलेलं वाचन वहीत उतरवण्यासाठी केलेला प्रयोग व्हिडिओपेक्षा फारसा बरा नाही. उपाय एकच: उत्तर कोणालाच माहीत नसलेला प्रश्न द्या. उदाहरणार्थ, फळाचा रस उकळल्यावर त्यातलं क जीवनसत्त्व किती उरतं?

१.२७ ग्रॅम आयोडीन आणि सुमारे ४ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड थोड्याशा पाण्यात पूर्ण विरघळवा आणि मगच १ लिटर करा. आधीच पाणी वाढवलं तर आयोडीनचे खडे तळाशी तसेच राहतात. हे द्रावण ०.००५ मोलर झालं. त्याचा १ मिली ०.८८ मिलिग्रॅम क जीवनसत्त्वाला पुरतो. आयोडीन उडून जातं, त्यामुळे आकड्यावर विसंबू नका. ५०० मिलिग्रॅम शुद्ध ॲस्कॉर्बिक आम्ल ५०० मिली पाण्यात विरघळवून त्यातलं १० मिली घ्या, सुमारे ११.४ मिली आयोडीन लागलं पाहिजे. जास्त लागलं तर आयोडीन पातळ झालंय, त्या प्रमाणात हिशेब दुरुस्त करा. दर्शक म्हणून १ टक्का स्टार्चचं ताजं द्रावण. जीवनसत्त्व संपलं की उरलेलं आयोडीन स्टार्चला निळं करतं. हा निळा रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. रसाचंही असंच टायट्रेशन करा.

आता गंमत. रस गरम असतानाच टायट्रेशन केलं तर स्टार्चचा निळा रंग नीट येत नाही, मूल आयोडीन ओतत राहतं आणि निष्कर्ष निघतो की उकळल्यावर जीवनसत्त्व वाढलं! थंड करून केलं तरी उकळताना पाणी आटलेलं असतं. मूळ आकारमानापर्यंत पाणी घातलं नाही तर आकडा पुन्हा फुगतो. बाटलीबंद रसात सल्फाइटसारखं परिरक्षक असेल तर तेही आयोडीन खातं. वाढलेल्या आकड्यावर संशय घेऊन ही कारणं एकेक करून वगळणं, उपयोजित रसायनशास्त्रातलं रोजचं काम हेच आहे.

‘संशोधन आता यंत्रं करतात’

वर्णपटमापी (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) संहती म्हणजे द्रावणाची तीव्रता सांगत नाही, शोषण सांगतो. संहती कळते ती ज्ञात संहतीच्या द्रावणांवरून काढलेल्या रेषेवरून, आणि मूळ द्रावणच चुकीचं बनलं असेल तर यंत्र तीच चूक चार दशांशांपर्यंत छापून देतं. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याची विंकलर पद्धत १८८८ची आहे. आजचे संवेदक बरोबर सांगतात का, हे तिच्यावरून तपासता येतं. औषधांतला ओलावा मोजणारं कार्ल फिशर टायट्रेशन १९३५चं, आणि ते आजही रोज वापरलं जातं. संगणकाचे अंदाजसुद्धा कोणीतरी मोजलेल्या आकड्यांवरच उभे असतात.

‘तासात वेळ पुरत नाही’

ड्रॉपरने करा. २० थेंब आम्ल, १ थेंब फेनॉल्फ्थॅलीन, मग सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने. ड्रॉपर दोन्हीसाठी एकाच मापाचा हवा आणि उभा धरायचा, तिरका धरला की थेंबाचा आकार बदलतो. वीसात एका थेंबाची चूक म्हणजे ५ टक्के, हे मुलांनाच काढू द्या. द्रावणं आदल्या दिवशी तयार असली तर तीन वाचनं आणि धुणं-पुसणं एका तासिकेत आटोपतं.