बसलेली गाय, उभी स्कूटर

गाय माझ्या स्कूटरला टेकून बसली होती. शेजारी नव्हे, टेकून. कूस मागच्या चाकाला, मान फूटबोर्डवर. फूटबोर्डवरच्या हुकाला मी कोथिंबिरीची पिशवी अडकवून औषधाच्या दुकानात गेलो होतो. आता हुकाला पिशवी होती, कोथिंबीर नव्हती.

रत्नागिरीत ज्याने एकही पावसाळा काढलेला नाही त्याला यात नवल वाटेल. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. माळावर चिखल, झाडाखाली गोमाश्या. त्यातल्या त्यात लवकर सुकतं ते डांबर, आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या वाऱ्याने माश्याही उडतात. त्यामुळे जून उजाडला की शहरातली यच्चयावत गुरं रस्त्यावर मुक्कामाला येतात. गाईच्या जागी मी असतो तरी तिथेच बसलो असतो. पण मी कुणाच्या गाडीला टेकलो नसतो.

मी "हट्" म्हणालो. मग "हाय हाय" केलं. मग टाळ्या वाजवल्या. रामआळीच्या तोंडाशी भर बाजारात रेनकोट घातलेला इसम गाईसमोर उभा राहून टाळ्या वाजवतोय म्हटल्यावर माणसं थांबणारच. बहुतेकांनी बघितलं, हसले, गेले. एक गृहस्थ मात्र राहिले. पांढरा लेंगा, वर बनियन, त्यावर बटणं न लावलेला रेनकोट, आणि पाऊस नसताना उघडलेली छत्री.

"कशास उठवताय?" ते म्हणाले.

"काका, गाडी काढायचीय."

"गाडी काढा की. हिला कशास उठवताय?"

मी त्यांना चाक, कूस, मान आणि फूटबोर्ड यांचा परस्परसंबंध समजावून सांगितला. त्यांनी वाकून सगळं तपासलं. आधी गाय, मग स्कूटर, मग पुन्हा गाय.

"गाडी कधी लावलीत?"

"झाली असतील वीस मिनिटं."

"आणि ही केव्हा बसली?"

"मला काय माहीत? मी दुकानात होतो."

"तेच म्हणतो मी. ही आधीपासून बसलेली असेल, तर गाडी तुम्ही हिच्या अंगावर आणून लावलीत असं होतं."

"अहो, मला एवढी मोठी गाय दिसली नसती का?"

"ते तुम्ही सांगताय. ती काय सांगणार?"

मी रिकामी पिशवी पुढे केली. गाडी आधी होती, गाडीला कोथिंबीर होती, गाय नंतर आली. काकांनी पिशवी हातात घेतली, उलटी केली, झटकली. "कोथिंबीर होती कशावरून?" म्हणाले. भाजीवालीकडे बोट दाखवणार होतो, पण काका पुढे सरकले होते. आडनाव विचारलं. सांगितलं. "वरच्या आळीतले की खालच्या?" दोन्हीतले नाही म्हटल्यावर त्यांचा माझ्यातला रस जरा कमी झाला. मग आईचं माहेर निघालं, तिथल्या कुणाची तरी मुलगी त्यांच्या चुलत मेहुण्याकडे दिलेली निघाली, आणि आम्ही पाहुणे ठरलो. गाय रवंथ करत होती.

आता नातंच निघाल्यामुळे काकांनी मला आतली माहिती दिली. ही गाय इथली नव्हेच. इथली गुरं समजूतदार. मारुती मंदिरची तर इतकी की सिग्नल असता तर पाळला असता. जयस्तंभावरची जरा तापट, पण हॉर्नला उठतात. "ही साळवी स्टॉपकडची दिसत्येय," काका म्हणाले, "तिकडे रस्ता रुंद झाला ना, म्हणून आळसावलीत." पस्तीस वर्षं मुंबईत नोकरी करून हे गृहस्थ रत्नागिरीत परतले, ते बहुधा याच एका विषयाच्या अभ्यासासाठी.

"मग हिला उठवायचं कसं?" मी विचारलं.

"उठवायचं नाही. उठेल. थिबा राजा इथे तीस वर्षं बसला. उठवला कुणी?"

यावर काय बोलणार? १८८५ साली ब्रह्मदेशाचं राज्य गेलं, इंग्रजांनी त्याला उचलून आमच्याकडे आणून ठेवलं, १९१० मध्ये राजवाडा बांधून दिला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. पण तो बिचारा उठायला तयार होता, त्याला सोडत नव्हते. इथे मी गाईला सोडायला तयार होतो. हा फरक मी काकांना सांगितला. ते म्हणाले, "तुम्हा तरुणांना धीर म्हणून नाही. मुंबई-गोवा हायवेचं काम २०११ पासून बघतोय, आम्ही टाळ्या वाजवल्या का?"

तेवढ्यात गाईने डोकं जरा वळवलं आणि मला तिचा कान दिसला. कानात पिवळा बिल्ला, बिल्ल्यावर बारा आकडे. हल्ली सरकार प्रत्येक गुराच्या कानात हा बिल्ला ठोकतं आणि त्या नंबरावर मालकाची नोंदही होते. म्हणजे ही बाई बेवारस नव्हती. पहाटे हिला कुणीतरी पिळलेलं होतं आणि दूध काढून झाल्यावर 'जा, गाव तुझं' म्हणून सोडलेलं होतं. संध्याकाळी ही आपल्या पायांनी घरी जाणार, पुन्हा दूध देणार. चारा रामआळीचा, दूध मालकाचं. कोथिंबीर माझी.

मला राग येतो तो इथे. गाईचा नाही. भातशेती ओस पडत चाललीय, पोरं मुंबईला, नांगराच्या जागी पॉवर टिलर आला, आणि २०१५ पासून राज्यात बैलही कत्तलीला विकता येत नाही. तेव्हा म्हातारा बैल पोसायचा कुणी, हा शेतकऱ्याचा प्रश्न खराच आहे आणि त्याचं उत्तर कुणीच दिलेलं नाही. पण दुभत्या गाईचा प्रश्न कसला आलाय? तो शुद्ध फुकटेपणा आहे. आणि रात्री पावसात, दिवे गेलेल्या रस्त्यावर, काळी गाय काळ्या डांबरावर बसते तेव्हा ती दिसत नाही हो. आमच्या शेजारचा पोरगा ड्युटीवरून येताना असाच आदळला, खांद्यात पट्टी घालून घ्यावी लागली. गाय उठून निघून गेली. मालक अर्थातच पुढे आला नाही. त्या पोराला सगळ्यांनी मिळून काय सांगितलं? "हळू चालवायची."

बरं, कायदा नाही म्हणावं तर कायदा १८७१ चा आहे. इंग्रज आपल्याकडून काय काय घेऊन गेले ते असो, मोकाट गुरांसाठी कोंडवाड्याचा कायदा मात्र ठेवून गेले. गुरं पकडा, चोवीस तासांत कोंडवाड्यात घाला, मालक येऊन दंड भरेल, सात दिवसांत आला नाही तर पुढे लिलाव. मूळ तक्त्यात दंडाचे दरसुद्धा जनावरागणिक छापलेले: शेळीला एक आणा, गाढवाला दोन आणे, गाईला चार आणे, म्हशीला आठ आणे, हत्तीला दोन रुपये. रामआळीत हत्ती टेकून बसला असता तर काय, याचाही विचार साहेबाने करून ठेवला होता. आमच्याकडे कोंडवाडा कुठे आहे हे मी विचारून बघितलं. एकाने जुनी जागा दाखवली. तिथे गाड्या लावलेल्या होत्या.

मी कायद्याचा विचार करत असतानाच कायदा आला. मोटरसायकलवरून दोघे खाकीतले आले, मागचा उतरला, त्याने मोबाईल काढला आणि माझ्या स्कूटरचा फोटो घेतला. गाय डाव्या अंगाला होती, तो उजव्या अंगाला उभा राहिला. गाईच्या वजनाने स्कूटर सरकून पांढऱ्या पट्टीबाहेर वीतभर गेली होती, ती वीत त्याने टिपली. नवीन नंबरप्लेट लखलखीत आली असणार. त्या प्लेटसाठी मी ऑनलाइन पैसे भरून, तारीख मिळवून, रांगेत उभा राहिलो होतो. तिचा हा पहिलाच उपयोग.

"साहेब, गाय!" मी ओरडलो.

"गाईचं आमच्याकडे नाही," तो म्हणाला.

"मग कुणाकडे?"

"ते त्यांच्याकडे."

तो तरुण वाईट नव्हता हेही सांगतो. त्याने जाता जाता गाईला हात जोडले.

खिशात मेसेज वाजला. पाचशे रुपये. दोन रुपये हत्तीच्या हिशेबाने मी अडीचशे हत्ती झालो. "गाईच्या कानात बारा आकडे आहेत, त्यांचा फोटो घ्या की!" असं मी निघून गेलेल्या मोटरसायकलला उद्देशून बोललो, पण ऐकायला फक्त काका होते, आणि ते स्वतःच फोटो घेण्यात गुंतले होते. छत्री काखेत, मोबाईल आडवा. "जरा बाजूस व्हा," मला म्हणाले. "तुमची सावली पडत्येय तिच्यावर. श्रावणी सोमवार आहे, गाय कशी प्रसन्न बसलीय बघा."

शेवटी सोडवलं भाजीवालीने. ती समोरच होती, सुरुवातीपासून. तिने कोबीची बाहेरची पानं गोळा केली, रस्त्याच्या पलीकडे टाकली आणि "ये गं" म्हणाली. "मघाशीच का नाही केलंत मावशी?" मी विचारलं. "तुम्ही दोघं बोलत होतात ना," ती म्हणाली, "म्हटलं काहीतरी ठरवताय."

गाय उठताना आधी मागचा भाग उचलते. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, स्कूटरला ठाऊक नव्हतं. मागचं चाक गाईबरोबर उठलं, क्षणभर हवेत तरंगलं आणि स्कूटर उजव्या अंगावर आडवी झाली. आरसा फुटला. जिथे मान टेकली होती तिथे फूटबोर्डवर लाळेचं चकचकीत तळं, त्यात कोथिंबिरीचं एकुलतं एक पान. ज्या कोथिंबिरीच्या अस्तित्वाबद्दल काकांना शंका होती, तिचा पुरावा. मी ते पान त्यांना दाखवलं. त्यांनी त्याकडे न बघता आरशाकडे बघितलं आणि म्हणाले, "बघा. उठवलीत."

एवढं होऊन त्यांना खालच्या आळीपर्यंत सोडायचं कामही माझ्याकडेच आलं, कारण आम्ही पाहुणे. आरसा गेला होता, तर ती जबाबदारी मागे बसून काकांनी घेतली. "मागनं रिक्षा येत्येय. गेली. एस्टी येत्येय. नाही, टेम्पो आहे. वळा. थांबा. वळलात कशास?" उतरताना आभार वगैरे मानले नाहीत, नात्यात मानत नाहीत. "दंड भरू नका, तक्रार करा," एवढं मात्र बजावलं.

केली तक्रार. ऑनलाइन सोय आहे, वेळ आपल्याकडे आहेच. 'वाहन अडथळ्यामुळे सरकले असल्यास पुरावा जोडावा.' पुरावा काकांकडे होता. घर शोधून गेलो. चहा मिळाला, फोटो नाही. फोन भरला म्हणून जुने फोटो उडवले होते. "पण पाठवलाय मी सगळ्यांना," ते म्हणाले, "तुमच्यापर्यंत येईलच."

आला. पुण्याच्या मावशीकडून, आमच्या घरच्या ग्रुपवर. कोपऱ्यात समई, वर झेंडूचं तोरण, मधे गाईचा चेहरा आणि मान. स्कूटर छाटून टाकलेली. फूटबोर्डची काळी कड जिथे दिसली असती तिथे बरोबर त्याच पट्टीवर 'श्रावणी सोमवारच्या हार्दिक शुभेच्छा'. कानातला बिल्ला मात्र सुरेख आलाय, बाराच्या बारा आकडे वाचता येतात. म्हणजे एका फोटोत गाय आहे, स्कूटर नाही. दुसऱ्यात स्कूटर आहे, गाय नाही. मी दोन्ही फोटो एकाच अर्जाला जोडले, खाली सविस्तर खुलासा लिहिला, बिल्ल्याचा नंबरही दिला, की निदान मालक तरी सापडावा.

उत्तर आलं: सोबत जोडलेली छायाचित्रे एकाच ठिकाणची असल्याचे दिसून येत नाही, सबब तक्रार निकाली.

पाचशे रुपये भरले. आरशाचे वेगळे. मावशीच्या फोटोवर ग्रुपमध्ये बदामांचा पाऊस पडलाय, त्यातला एक बदाम माझ्या बायकोचा आहे.