धुराड्याच्या दरजा, सिमेंट आणि गूळ: एका संदेशाचा प्रतिवाद

करवीर, पन्हाळा आणि कागल भागांतील गुऱ्हाळमालकांच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: विटांच्या जुन्या धुराड्याच्या दरजा (विटांमधले सांधे) झिजल्या असतील तर खरवडत न बसता वरूनच एकास तीनचे (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) सिमेंट दाबून भरावे, त्यात थोडा गूळ घालावा, म्हणजे जुन्या चुन्याचा चिवटपणा येतो, शेवटी पाणी अडवणारा रंग द्यावा, की पुन्हा पाहायला नको. हंगाम तोंडावर आला असताना असा सल्ला पटकन पटतो, म्हणूनच तो मुद्द्यागणिक तपासणे मला गरजेचे वाटते.

सिमेंट चुन्यापेक्षा मजबूत असते हे खरे आहे. पण चुन्यात बांधलेल्या धुराड्यात नेमकी तीच मजबुती घात करते. एकास तीनचे सिमेंट महिन्याभरात दर चौरस मिलिमीटरला साधारण १० न्यूटन दाब सोसण्याइतके कठीण होते, तर भारतीय मानकातील सर्वांत खालच्या वर्गाची भाजकी वीट ३.५ न्यूटनची असते, आणि आपल्याकडील जुन्या भट्टीच्या विटा पुष्कळदा याच पातळीच्या असतात. पावसात भिंतीत मुरलेली ओल चुन्याच्या सच्छिद्र दरजेतून बाहेर पडते आणि तिच्याबरोबर आलेले क्षार दरजेतच साचतात, त्यामुळे झीज होते ती दरजेची. दरज सिमेंटने बंद केली की हीच ओल विटेच्या तोंडावाटे निघू लागते, क्षारांचे स्फटिक विटेच्या आत फुगतात आणि विटेचे पापुद्रे सुटतात. आमच्या धुराड्याच्या पश्चिम अंगाला, जिथे पावसाची झड थेट लागते, आम्ही असेच सिमेंट भरून घेतले होते. चौथा पावसाळा सरला तेव्हा सिमेंटच्या रेघा जागच्या जागी उभ्या होत्या आणि त्यांच्यामधल्या विटा अर्धा बोट आत गेल्या होत्या. झिजलेली दरज पुन्हा भरता येते. झिजलेली वीट काढून नवी बसवावी लागते, आणि तीस फुटांवर ते काम किती अवघड असते हे परांची बांधणाऱ्या गवंड्याला विचारावे.

शिवाय चुलवाण (रस उकळण्याची भट्टी) रोज पेटते आणि रोज निवते, त्याबरोबर धुराडेही फुगते आणि आकसते. चुना ही हालचाल बऱ्याच अंशी सोसतो, तर कडक सिमेंट विटेपासून सुटून केसाएवढी फट पाडते आणि तिच्यातून पाणी आत जाते. चुलवाणालगतच्या अतितप्त भागात तर सिमेंट टाळावेच, कारण सुमारे ४०० अंशांपुढे त्यातील कॅल्शियम हायड्रॉक्साइड विघटित होऊ लागते आणि त्यातून उरलेला चुना निवल्यावर हवेतील ओल घेऊन पुन्हा फुगतो. तिथे उष्णता सोसणारी भट्टीची माती वापरावी.

गुळाचा मुद्दा कोल्हापूरकरांना भावणारा आहे, कारण जुन्या वाड्यांच्या चुन्यात गूळ, बेलफळ, हिरडा घालत असत ही माहिती खरी आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश घट्ट होतो, सिमेंट पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने घट्ट होते, आणि साखर नेमकी हीच क्रिया रोखते. सिमेंटच्या वजनाच्या ०.०५ टक्के साखर, म्हणजे ५० किलोच्या पोत्याला अवघी २५ ग्रॅम, त्याचे घट्ट होणे काही तास लांबवते. पाव ते अर्धा किलो पडली तर ते जवळजवळ घट्टच होत नाही. चिवटपणासाठी मूठमूठ गूळ घालणारा माणूस दरजेत ओली राख भरतो आहे, असे म्हणावे लागेल.

न खरवडता वरून भरलेला पातळ थर पहिल्याच हंगामात निखळतो. दरज जितकी रुंद, तिच्या किमान अडीचपट खोल ती मोकळी करावी लागते. १० मिलिमीटरच्या दरजेला २५ मिलिमीटर. हे काम छन्नी-हातोडीनेच व्हावे, कारण कटर मशीन विटांच्या कडा खाते.

रंगाबद्दल थोडक्यात सांगायचे तर, तो बाहेरचे पाणी जितके अडवतो तितकेच आतलेही कोंडतो.

मग करावे काय? आधी जुनी दरज खिळ्याने खरवडून पाहावी: भुगा पांढरट असून त्यात चुन्याचे ठिपके दिसले तर बांधकाम चुन्याचे आहे, राखाडी आणि कठीण लागली तर सिमेंटचे. सिमेंटच्या धुराड्यालाही एकास तीन नको. एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग वाळू पुरते. चुन्याच्या धुराड्याला एक भाग भिजवून मुरवलेला चुना, एक भाग सुरखी (विटेचा बारीक भुगा) आणि दोन भाग चाळलेली वाळू घ्यावी. सुरखीमुळे हा चुना ओलीतही धरतो. दरजा झाडून, पाणी मारून, दोन थरांत थापीने दाबून भराव्यात आणि आठवडाभर ओली पोती लावून उन्हापासून जपाव्यात. याला घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंतचा काळ योग्य, कारण तोवर पाऊस ओसरलेला असतो आणि चुलवाण पेटायचे असते. पहिले दोन-तीन दिवस चिपाड (उसाचा वाळलेला चोथा) बेताने घालून जाळ मंद ठेवावा. धुराडे ओळंब्यात (सरळ उभे) नसेल किंवा विटा चिरत गेलेली उभी भेग दिसत असेल, तर दरजा भरण्यापूर्वी बांधकामाच्या जाणकाराला बोलवावे आणि तोवर धुराड्याच्या सावलीत माणसे बसू देऊ नयेत.